समुद्रापलीकडचा मराठवाडा

एकतीस वर्षे मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवला. आफ्रिका खंडाच्या वाट्याला वर्षाकाठी चार तास येत. त्या चार तासांत सहाराचे वाळवंट, काँगोचे जंगल, नाईल नदी, किलिमांजारो पर्वत, सिंह, जिराफ आणि ‘अंधारे खंड’ हे विशेषण एवढे उरकून मी पुढच्या खंडाकडे वळत असे. एखादा मुलगा विचारायचा, ‘बाई, तिथली माणसं काय खातात?’ मी ठरलेले उत्तर द्यायची, ‘मका, कसावा आणि मांस.’ उत्तर अगदीच चूक नव्हते. पण जे आपल्या घरातले होते तेवढेच नेमके त्यातून निसटले होते. तिथली माणसे तूर पिकवतात, तूर खातात आणि ती तूर आपल्या लातूरच्या डाळमिलमध्ये येऊन भरडली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. तोवर शिकवायला समोर वर्ग उरला नव्हता. म्हणून हा लेख.

माझी मुलगी आणि जावई कामानिमित्त केनियात, नैरोबीला असतात. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गेले आणि सहा आठवडे राहून आले. निघण्याआधी माहेरी जाऊन आले. माझा धाकटा भाऊ औसा तालुक्यात कोरडवाहू शेती करतो. सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं. आफ्रिकेचे नाव काढताच तो म्हणाला, ‘अक्का, जायलीस तर जा. पण तिथल्या लोकाला एक इचारून ये. आमच्या तुरीचा भाव पाडून तुमाला काय मिळायलंय म्हणावं.’

त्याच्या रागाला कारण आहे. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा शहरांतून ओरड झाली. सरकारने आयातीवर भर दिला, २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर घेण्याचा करार केला आणि इकडे शेतकऱ्यांनाही कडधान्ये पेरा म्हणून सांगितले. पाऊस चांगला झाला, तूर अमाप पिकली आणि २०१७ च्या सुरुवातीला मोंढ्यातला भाव हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ५,०५० रुपयांच्या खाली घसरला. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. कुठे बारदाना नाही, कुठे गोदामात जागा नाही. माझा भाऊ चार रात्री पोत्यांवर झोपला. त्याच्या लेखी आफ्रिका म्हणजे सिंह नव्हे की जंगल नव्हे. आफ्रिका म्हणजे भाव पाडणारी तूर.

नांदेडहून मुंबईला रेल्वेने जायला अख्खी रात्र पुरत नाही. मुंबईहून नैरोबीला विमानाने सहा तास लागतात. विषुववृत्ताला लागून असलेले शहर म्हणून मी झाडून सगळ्या सुती साड्या भरल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी मुलीचा स्वेटर मागून घ्यावा लागला. नैरोबी समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांहून उंच आहे, आणि दक्षिण गोलार्धात असल्याने ऑगस्ट तिथे गारठ्याचा. उंचीप्रमाणे तापमान घटते, हा धडा मी कितीदा शिकवला असेल. अंगावर काटा आला तेव्हा तो मला समजला.

भाषेने मात्र आठवड्याभरात घरचे करून टाकले. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाय’, पोळीला ‘चपाती’, गाडीला ‘गारी’, साबणाला ‘साबुनी’, हिशेबाला ‘हेसाबू’, लाखाला ‘लाकी’ आणि गोणीला ‘गुनिया’ म्हणतात. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर म्हणजे ‘कचुंबारी’. काही शब्द अरबांच्या गलबतांतून दोन्ही किनाऱ्यांवर उतरले, काही थेट आपल्याकडून तिकडे गेले. १९२० पर्यंत त्या मुलखात आपला रुपयाच चालत होता. पैशाला अजूनही ‘पेसा’च म्हणतात आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या तिथल्या सोयीचे नाव ‘एम-पेसा’. ती २००७ साली सुरू झाली. आपल्याकडे नोटाबंदीनंतर भाजीवाल्याकडे मोबाइलने पैसे देणे रुळले. तिथे ते कितीतरी आधीपासून अंगवळणी पडले होते. अंधारे खंड ते हेच!

नात्यांच्या शब्दांनी मात्र पंचाईत केली. ‘बाबा’ म्हणजे वडील, इथवर ठीक. पण ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण! बाजारात भाजीवालीने ‘मामा, करीबू’ अशी हाक मारली तेव्हा मागे कोणी पुरुष उभा आहे का, हे मी वळून पाहिले. ‘करीबू’ म्हणजे या, जवळ या. लेकुरवाळ्या बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. अमक्याची मामा, तमक्याची मामा म्हणतात. आमच्या औशाकडे जुन्या बायका अजून असेच बोलतात. घड्याळही गमतीचे. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून तास दिवस उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ‘कासराभर दिवस वर आला’ म्हणणारी माझी आजी तिथे कधी चुकली नसती.

पण हे सगळे त्या शहरातल्या आपल्या माणसांना दिसते का, अशी शंका मला येऊ लागली. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, मोदक होतात, सगळे आहे. घरे मात्र उंच भिंतींच्या आत, भिंतीवर विजेच्या तारा, फाटकाशी पहारेकरी. वीस-वीस वर्षे तिथे राहिलेल्या काही भारतीय बायका मला भेटल्या. रोज घरी येऊन भांडी घासणाऱ्या बाईचे गाव कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. तिचा उल्लेख व्हायचा तो रंगावरून. या भीतीला इतिहास आहे, हे मला मान्य. १९७२ साली शेजारच्या युगांडातून इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीत घालवून दिले होते. ती आठवण पुसलेली नाही. चोऱ्यामाऱ्याही होतात. २०१७ साली केनियाच्या सरकारने तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. कागदावर शेजार झाला. मनाने व्हायचा राहिला आहे. आणि मी तरी काय वेगळी होते? पहिले आठ दिवस पर्स छातीशी घट्ट धरूनच फिरत होते.

माझी ती मिठी सोडवली मुलीकडे कामाला येणाऱ्या बाईंनी. त्या कांबा समाजाच्या. त्यांचे माहेर माकुएनी काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. एक दिवस त्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘मामा, तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या. आमचं गाव बघायला चला.’ शनिवारी पहाटे आम्ही निघालो.

नैरोबी-मोंबासा महामार्गावर दीडशे-एक किलोमीटर गेल्यावर माकिंडू नावाचे गाव लागते. मोंबासाहून आत नेलेला रेल्वेमार्ग इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात बांधला, तो याच गावावरून. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर आणि कारागीर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलावर सिंहांनी माणसे उचलली, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. रोगराईने मेलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. त्या रेल्वेवरच्या शिखांनी १९२६ साली माकिंडूला गुरुद्वारा उभारला. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही तिथे फुकट जेवण मिळते.

मी गोदाकाठची. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कितीदा बसले असेन, मोजदाद नाही. पण माकिंडूच्या पंगतीत एका बाजूला ट्रकचा ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला पाठीशी बाळ बांधलेली कांबा बाई आणि समोर रोट्या लाटणारे आफ्रिकी आचारी, अशा जागी बसून मी पहिला घास घेतला आणि घशाशी काहीतरी अडकले. सेवेकऱ्यांपैकी एका वयस्क सरदारजींना म्हटले, ‘मी नांदेडहून आले.’ त्यांनी हात जोडले. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला ते आपल्या गावी येऊन गेले होते. बाहेर पडताना आमच्या बाई म्हणाल्या, ‘शाळेत असताना आम्ही इथे जेवायला यायचो. मला तेव्हा वाटायचं, इंडियन लोक दोन जातीचे असतात. एक भिंतीतले आणि एक इथले.’

महामार्ग सोडला आणि मातीचा रस्ता लागला. लाल माती, काटेरी बाभळी, मधेच हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच, बांधावर केकताड. त्या केकताडाच्या वाखाच्या पिशव्या तिथल्या बायका चालता चालता विणतात. त्यांना ‘कियोंडो’ म्हणतात. एकही बाई रिकाम्या हाताने चालताना दिसली नाही. गाढवांवर पिवळे प्लास्टिकचे डबे लादलेले, वीस-वीस लिटर पाण्याचे. बऱ्याच बायकांच्या पाठीवरही तोच डबा, पट्टा कपाळावरून घेतलेला. पाऊस लातूरपेक्षा कमी आणि तोही दोन हप्त्यांत: एक मार्च ते मे, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. दोन्ही हप्ते बेभरवशाचे. माझ्या डोळ्यांपुढून औसा हलेचना.

घराच्या अंगणात शिरले आणि थबकले. भिंतीला तुराट्यांच्या पेंढ्या टेकवून ठेवल्या होत्या. तुराटी मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! ताडपत्रीवर वाळलेल्या शेंगा पसरल्या होत्या आणि बाईंच्या सत्तरीच्या आई काठीने तूर बडवत होत्या. तिला स्वाहिलीत ‘म्बाझी’ म्हणतात. पेरतात मक्यात, दुसऱ्या पावसाच्या तोंडावर, आणि काढतात पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. मूळ तूर आपल्याच देशातली. किती शतकांपूर्वी समुद्र ओलांडून तिकडे गेली कोण जाणे. तुराट्या चुलीत जातात, पाला शेळ्या खातात, हिरव्या शेंगांचे दाणे उकडून खातात. वरण मात्र नाही. अख्खी तूर मक्याच्या दाण्यांबरोबर शिजवतात. आपण तिची साल काढून दोन फाका करतो, हे सांगितल्यावर म्हातारीने विचारले, ‘एवढी मेहनत कशाला? साल वाईट असते का?’ मला चटकन उत्तर सुचले नाही.

जेवणे झाल्यावर मी भावाचा निरोप सांगितला. थोडा मऊ करून. मुलीने आईला तो त्यांच्या भाषेत सांगितला. म्हातारी बराच वेळ तूर निवडत राहिली. मग म्हणाली, ‘आमची तूर इंडियाला जाते, असं व्यापारी सांगतो. मग एका वर्षी म्हणाला, इंडियाला नको आहे. भाव ऐकून आम्ही पोती घरात ठेवली, वर्षभर तूरच खाल्ली. तुम्ही इंडियाच्या ना? इंडियाने असं का केलं?’

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली होती. आपल्या शेतकऱ्याला वाचवायला ते करणे भाग होते. मी भावाच्या बाजूने बोलणार, उघड आहे. पण त्या निर्णयाने टांझानिया आणि मोझांबिकमध्ये तुरीचे भाव कोसळले. तिथल्या शेतकऱ्यांनी ती तूर आपल्या भरवशावर पेरली होती. पुढे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली. म्हणजे भाव चढला की दार उघडायचे, पडला की लावायचे. आणि दोन्ही वेळी पेरणी होऊन गेलेली. औशाच्या शेतकऱ्याला वाटते, आफ्रिकेने मारले. माकुएनीच्या म्हातारीला वाटते, इंडियाने मारले. दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही.

माझे मत विचाराल तर आयात नकोच, असे मी म्हणणार नाही. आपल्याला लागते तेवढी तूर दरवर्षी इथे पिकत नाही. आफ्रिकेची तूर येते ती आपली नवी तूर निघायच्या आधी, मोंढा रिकामा असताना. तिच्यावर मिल चालते, हमालाच्या हाताला काम मिळते आणि आपल्या वरणाची वाटीही भरते. पण किती तूर बाहेरून घेणार आणि इथे काय भावाने घेणार, हे मृगाच्या आधी सांगायला काय हरकत आहे? आणि सांगितलेले मोडू नये. एवढी एक गोष्ट झाली तरी दोन्ही किनाऱ्यांवरची दोन घरे निश्चिंत पेरा करतील. आपण ग्राहक म्हणून डाळ दोनशेला गेल्यावर ओरडतो; शेतकऱ्याची तूर निम्म्यावर आल्यावर आपला आवाज कुठे जातो, हेही कधीतरी स्वतःला विचारावे.

संध्याकाळी म्हातारी मला नदीवर घेऊन गेली. नदी म्हणजे कोरडी ठणठणीत वाळू. पण पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत दगड-सिमेंटची भिंत होती आणि तिच्या वरच्या अंगाला भिंतीच्या माथ्यापर्यंत वाळू भरलेली. काठावर हातपंप. तिने दांडा हलवला आणि ऑगस्टच्या कोरड्या नदीतून स्वच्छ पाणी आले.

युक्ती साधी आहे. पात्राखाली जिथे खडक लागतो तिथे भिंत घालायची. पुराबरोबर वाहत आलेली जाड वाळू भिंतीमागे साचते. काही पावसाळ्यांत पात्र भरते. मग वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी मुरून राहते. त्याला ऊन लागत नाही, त्याची वाफ होत नाही, त्यात डास होत नाहीत आणि ते गाळूनही निघते. आपल्याकडे बायका नदीत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरत, तोच झिरा भिंत घालून मोठा केलेला. सिमेंट बाहेरच्या संस्थेने दिले होते. दगड आणि घाम गावाचा, त्यातही बायकांचा. एकमेकांच्या कामाला जाण्याच्या या रीतीला कांबा लोक ‘म्वेथ्या’ म्हणतात. आपण इर्जिक म्हणत होतो. शेताच्या उतारावर चर खणून माती वरच्या बाजूला टाकायची, म्हणजे बांध आपोआप उभा राहतो, हेही काम त्यांनी असेच केले आहे.

मला माझी आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. मी दहा वर्षांची होते. मिलोच्या लाल भाकरीची चव अजून जिभेवर आहे. आणि आठवले २०१६ चे लातूर. पाणवठ्यांवर जमावबंदी लावली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ती गाडी पाहायला गर्दी लोटली होती. त्याच काळात मराठवाड्यातल्या नद्यांच्या पात्रांतून रात्री-बेरात्री ट्रक भरभरून वाळू जात होती. ज्या वाळूत पाणी राहते ती विकायची आणि पाणी रेल्वेने मागवायचे, हा हिशेब त्या म्हातारीला समजावून सांगणे मला जमले नसते. त्यांच्याकडेही नैरोबीच्या इमारतींसाठी वाळूची चोरी होतेच. पण माकुएनीने २०१५ मध्ये वाळू जपण्याचा स्वतंत्र कायदा केला आहे.

जसेच्या तसे इथे चालेल, असे भूगोलाची बाई म्हणून मी म्हणणार नाही. आपला बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, तिथला खडक निराळा. पण देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे, जाड वाळूचे ओढे आहेत. जाणत्यांनी पाहावे. निदान वाळू म्हणजे नुसते बांधकामाचे सामान नव्हे, पाण्याची साठवण आहे, एवढे तरी शाळेच्या पुस्तकात यावे.

कुणी म्हणेल, पाण्याचे शहाणपण आता आफ्रिकेकडून शिकायचे का? हे शिकणे नवे नाही. मराठवाड्याची राजधानी म्हणावे असे शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले ते मलिक अंबरने. तो पूर्व आफ्रिकेतला, आजच्या इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा वजीर झाला. जमिनीखालून नहर काढून त्याने त्या शहराला पाणी दिले. नहर-ए-अंबरी म्हणून ती आजही ओळखली जाते. मराठवाड्याच्या मोठ्या शहराला पाणी देणारा माणूस त्याच बाजूचा होता. वर्गात मी मलिक अंबर इतिहासाच्या बाईंवर सोपवला आणि आफ्रिका स्वतःकडे ठेवली. दोन्ही एकत्र कधी सांगितले नाही.

परत आल्यावर औशाला गेले. भावाला फोनमधली छायाचित्रे दाखवली: अंगणातल्या तुराट्या, ताडपत्रीवरची तूर, वाळूने भरलेले पात्र, हातपंपाशी उभी म्हातारी. तुराट्यांवर तो हसला. भिंतीचे छायाचित्र मोठे करून त्याने दोन-तीनदा पाहिले. म्हातारीचा प्रश्न मी त्याला जसाच्या तसा सांगितला. तो काही बोलला नाही. उठून बैलांना वैरण टाकून आला, हात धुतले आणि जेवायला बसता बसता म्हणाला,

‘अक्का, औंदा तिच्या तुरीला भाव काय मिळाला म्हणे?’